डोंगरापासून खड्यापर्यंत: संगणकीय निसर्गचित्रात जमीन कशी घडवावी

संगणकावर निसर्गचित्रे तयार करू लागलेल्या बहुतेकांचा पहिला डोंगर आकाराने बरा असतो, पण त्याची जमीन पटत नाही. त्यावर खडकाचे छायाचित्र चढवलेले असते, रंगही विचारपूर्वक निवडलेला असतो आणि तरीही कडा, उतार आणि दरीचा तळ ही तिन्ही ठिकाणे एकाच कापडाने मढवल्यासारखी दिसतात. खऱ्या जमिनीवर कोणतीही गोष्ट कुठेही नसते, हे याचे कारण. माती टिकत नाही तिथे खडक उघडा पडतो, पाण्याचा किंवा वाऱ्याचा वेग मंदावतो तिथे वाळू साचते आणि माती व ओल दोन्ही असतील तिथेच गवत उगवते. म्हणून भूपृष्ठाची सुरुवात रंगापासून करू नये. आधी आकार, मग झीज, मग त्या दोहोंवरून ठरणारे थर आणि सर्वांत शेवटी रंग, या क्रमाने काम केले तर साध्या साधनांनीही विश्वास बसेल अशी जमीन उभी राहते. पुढील पायऱ्या ब्लेंडर, टेराजेन, वर्ल्ड मशीन, गाया किंवा हुडिनी यांपैकी कोणत्याही साधनाला लागू पडतात. बटणांची नावे बदलतात, विचार बदलत नाही.

पायरी १: आधी मापे ठरवा

पहिला नोड (साधनातला एकेक काम करणारा, एकमेकांना जोडता येणारा डबा) जोडण्यापूर्वी तीन आकडे लिहून ठेवावेत: चित्रातला भूभाग किती किलोमीटर रुंद आहे, त्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागेत किती मीटरचा फरक आहे, आणि कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे. उभ्या माणसाला दिसेल तसे दृश्य हवे असेल तर कॅमेरा साधारण १.६ ते १.७ मीटरवर ठेवावा. हे आकडे हाताशी असले की कुठे किती तपशील लागेल याचा हिशेब करता येतो. कॅमेऱ्याचा आडवा दृश्यकोन ५० अंशांचा आणि चित्राची रुंदी १९२० पिक्सेलची असेल, तर १ किलोमीटर अंतरावर एका पिक्सेलमध्ये जवळपास अर्धा मीटर जमीन मावते. तिथे मुठीएवढे दगड घडवण्यात घालवलेला वेळ वाया जातो. कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर मात्र तोच पिक्सेल अवघी अडीच मिलिमीटर जमीन दाखवतो आणि तिथे बारीक खडीसुद्धा नसली तर लगेच जाणवते.

उंची वाढवून दाखवण्याचा मोह सुरुवातीला सर्वांनाच होतो, पण तो टाळलेला बरा. २० अंशांच्या उताराची उंची दुप्पट केली की तो उतार सुमारे ३६ अंशांचा होतो, म्हणजे जिथे निवांत कुरण असायला हवे तिथे घसरणाऱ्या दगडांचा चढ तयार होतो. डोंगर छोटा वाटत असेल तर तो ताणण्याऐवजी कॅमेरा खाली आणावा, समोर काही ओळखीच्या मापाची वस्तू ठेवावी किंवा दूरचा भाग हवेच्या धूसरपणात थोडा मागे ढकलावा. भव्यता मापाच्या जाणिवेतून येते, त्यासाठी उंची फुगवावी लागत नाही.

पायरी २: मूळ आकार तयार करा

भूपृष्ठ साठवण्याची रूढ पद्धत म्हणजे हाइटमॅप. ही एक राखाडी प्रतिमा असते आणि तिच्यातला प्रत्येक पिक्सेल जितका उजळ तितकी त्या जागेची उंची जास्त, असा संकेत असतो. ही प्रतिमा कधीही ८ बिटमध्ये साठवू नये. ८ बिटमध्ये उंचीच्या २५६ पातळ्याच मिळतात, त्यामुळे १००० मीटर उंचीच्या डोंगरावर सुमारे चार-चार मीटरच्या पायऱ्या पडतात आणि तिरप्या उन्हात त्या ठळकपणे दिसतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या असतात आणि तीच पायरी दीड सेंटिमीटरची होते. ब्लेंडरसारख्या साधनात हाइटमॅप उघडताना त्याची रंगपद्धती ‘नॉन-कलर’ ठेवावी. तसे केले नाही तर संगणक त्या आकड्यांना रंग समजून बदलतो आणि दऱ्यांचा व माथ्यांचा आकारच विकृत होतो.

आकार मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग नॉइजचा, म्हणजे सूत्राने तयार केलेल्या अनियमित पण सलग चढउतारांचा. संगणकीय चित्रणाचे संशोधक केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि १९९७ मध्ये त्यांना ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळवून देणारी नॉइजची पद्धत आजही बहुतेक भूपृष्ठ साधनांच्या मुळाशी आहे. एकाच नॉइजने फक्त गुळगुळीत टेकड्या मिळतात. म्हणून तोच नॉइज लहान-लहान मापांत पुन्हा पुन्हा मिसळतात आणि अशा प्रत्येक फेरीला ऑक्टेव्ह म्हणतात. सर्वांत मोठा उंचवटा १००० मीटरचा आणि प्रत्येक ऑक्टेव्हला माप निम्मे होत असेल, तर दहाव्या ऑक्टेव्हला आपण सुमारे २ मीटरच्या तपशिलापर्यंत पोहोचतो आणि चौदाव्याला १२ सेंटिमीटरपर्यंत. प्रत्येक फेरीत उंची किती कमी करायची हे ठरवणाऱ्या घटकाला गेन म्हणतात. माप निम्मे होताना गेन ०.५ ठेवला, तर लहान-मोठे सर्व उंचवटे सारख्याच तीव्र उताराचे राहतात. गेन वाढवला की जमीन खडबडीत होते, कमी केला की घोटीव दिसते. नवोदितांनी ०.४ ते ०.५५ एवढ्याच टप्प्यात प्रयोग करावेत. मला तेवढ्यातच बहुतेक भूप्रदेश सापडले आहेत.

मात्र या नॉइजमध्ये एक मूलभूत उणीव आहे: तो सगळीकडे सारखाच खडबडीत असतो. खऱ्या डोंगराचे माथे खरखरीत आणि दऱ्यांचे तळ सपाट असतात, कारण वरून सुटलेला गाळ खालच्या भागात भरला जातो. याच क्षेत्रातले संशोधक केन मस्ग्रेव्ह यांनी मल्टिफ्रॅक्टल पद्धतीत नेमका हाच विचार आणला: खडबडीतपणा उंचीनुसार बदलू द्यायचा. आपल्या साधनात मल्टिफ्रॅक्टलचा पर्याय असेल तर तोच निवडावा. नसेल तर लहान ऑक्टेव्हना मोठ्या आकाराच्या उंचीने गुणावे. परिणाम जवळपास तोच मिळतो. पर्वतरांगा हव्या असतील तर रिज्ड नॉइज घ्यावा. त्यात नॉइजच्या मूल्यांतली ऋण बाजू दुमडून, मग सर्व उलटे केले जाते आणि त्यातून धारदार कडा तयार होतात.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष मोजमापांचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातल्या जमिनीची उंची मोजली. ही एसआरटीएमची (शटल रडार टोपोग्राफी मिशन या मोहिमेची) माहिती आज मोफत मिळते आणि तिच्यातील दोन बिंदूंमधले अंतर सुमारे ३० मीटर असते. दूरच्या रांगांसाठी ती उत्तम आहे, परंतु कॅमेऱ्याजवळच्या जमिनीसाठी ती फक्त पाया म्हणून वापरावी. ती आणताना एक गोष्ट विसरू नये: तिच्यातील आडवे अंतर अंशांमध्ये आणि उंची मीटरमध्ये असते. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरचा असतो, तर ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्माच उरतो. क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या साधनात माहितीचे मीटरमधील प्रक्षेपणात रूपांतर केले नाही, तर ध्रुवांकडे जाऊ तसतसा डोंगर पूर्व-पश्चिम ताणला जातो आणि चूक कुठे आहे हेच कळत नाही.

पायरी ३: पाणी वाहू द्या

माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे. नॉइजने बनवलेल्या जमिनीवर पाणी सोडले तर ते शेकडो बंद खड्ड्यांत अडकून राहील. प्रत्यक्षात डोंगरावरचे पाणी ओहोळांत, ओहोळ ओढ्यांत आणि ओढे नदीत मिळतात, आणि ही शाखांची रचना पाहण्याची आपल्या डोळ्यांना इतकी सवय असते की ती नसली तर काय चुकले हे सांगता न येताही चित्र खोटे वाटते. मस्ग्रेव्ह, क्रेग कोल्ब आणि रॉबर्ट मेस यांनी १९८९ मध्ये फ्रॅक्टल (लहान-मोठ्या मापांत तसाच आकार पुन्हा पुन्हा येणाऱ्या) भूपृष्ठावर झीज घडवण्याच्या पद्धती मांडल्या. आज वर्ल्ड मशीन, गाया आणि हुडिनी यांत झिजेचे तयार नोड मिळतात.

झिजेचे दोन प्रकार समजून घ्यावेत. पाण्याची झीज उतारावरून माती उचलते, वेग असेपर्यंत वाहून नेते आणि उतार कमी झाला की खाली टाकते; तिच्यामुळे घळी, सोंडा आणि पायथ्याशी पंख्यासारखे पसरलेले गाळाचे उतार तयार होतात. दुसऱ्या प्रकारात तापमानातील बदल आणि गोठणाऱ्या पाण्याने फुटलेला खडक गुरुत्वाकर्षणाने कोसळतो. साधनांमध्ये याला थर्मल झीज म्हणतात. येथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: सुटी कोरडी वाळू साधारण ३० ते ३५ अंशांपेक्षा तीव्र उतारावर टिकत नाही आणि टोकदार दगडांचा ढीग त्याहून थोडा अधिक उतार पेलतो. थर्मल नोडमधील कोन याच टप्प्यात ठेवावा. वाळूच्या टेकडीचे तर सगळे सौंदर्य या कोनात आहे. तिची वाऱ्याकडची बाजू सौम्य असते, पलीकडची घसरती बाजू या मर्यादेला टेकलेली असते आणि दोहोंच्या मध्ये एक स्वच्छ धार असते.

आधी पाण्याची झीज, मग हलकी थर्मल झीज आणि शेवटी पुन्हा थोडी पाण्याची झीज, असा क्रम नवोदितांसाठी सुरक्षित आहे. झीज अति करू नये. संपूर्ण डोंगरावर सारख्या अंतराच्या घळी दिसू लागल्या की तो निसर्ग न वाटता नोडची सही वाटतो. हे टाळण्यासाठी खडकाचा टणकपणा सर्वत्र सारखा ठेवू नये: मोठ्या मापाच्या नॉइजने काही भाग मऊ आणि काही टणक करावा. थरांचा खडक हवा असेल तर टणक आणि मऊ थर एकाआड एक द्यावेत, पण त्यांची जाडी असमान ठेवावी आणि त्यांचा कल सबंध भूभागात एकाच दिशेने असू द्यावा. समोरच्या डोंगरातले थर डावीकडे आणि शेजारच्या डोंगरातले उजवीकडे झुकले असतील, तर भूगर्भशास्त्र न शिकलेल्या प्रेक्षकालाही काहीतरी खटकते.

एक तांत्रिक सूचना. झिजेचा परिणाम बहुतेक साधनांत नकाशाच्या आकारावर अवलंबून असतो. ५१२ पिक्सेलच्या नमुन्यावर सुंदर दिसणारी दरी ४०९६ पिक्सेलवर वेगळीच होऊ शकते, म्हणून महत्त्वाचे निर्णय घेण्यापूर्वी एकदा अंतिम आकारात झीज करून पाहावी.

झिजेच्या नोडमधून उंचीखेरीज आणखी तीन प्रतिमा मिळतात: पाणी कुठून वाहिले, खडक कुठे खरवडला गेला आणि गाळ कुठे साचला. या तिन्ही प्रतिमा जपून ठेवाव्यात. पाचव्या पायरीचा निम्मा भार त्याच उचलतात.

पायरी ४: राखाडी चित्र तपासा

सर्व रंग काढून टाकावेत, संपूर्ण भूपृष्ठाला एकच मध्यम राखाडी रंग द्यावा, सूर्य बाजूने १५ अंश उंचीवर ठेवावा आणि रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून चित्र काढून घेऊन, पाहावे. या कोनात १० मीटर उंच सुळक्याची सावली सपाट जमिनीवर सुमारे ३७ मीटर पडते, त्यामुळे आकारातला प्रत्येक दोष उघडा होतो. राखाडी चित्र पटत नसेल तर पुढे जाऊ नये. रंग चढवल्यावर ते पटू लागेल ही आशा फोल आहे.

पायरी ५: थर कुठे बसतील ते ठरवा

आता खडक, दगडांचा उतार, माती, गवत आणि बर्फ यांना जागा द्यायच्या. प्रत्येक थराला एक मास्क, म्हणजे तो थर कुठे दिसावा हे सांगणारी राखाडी प्रतिमा, लागतो, आणि तो हाताने रंगवण्यापेक्षा उतार, उंची, वाहते पाणी आणि गाळ यांवरून काढलेला केव्हाही चांगला. ब्लेंडरमध्ये उतार मिळवण्यासाठी पृष्ठभागाच्या नॉर्मलचा (पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या दिशेचा) झेड, म्हणजे उभा, घटक वापरतात. तो उताराच्या कोनाचा कोसाइन असतो: सपाट जमिनीवर १, ३० अंशांवर ०.८७, ४५ अंशांवर ०.७१ आणि ६० अंशांवर ०.५. टेराजेनमध्ये प्रत्येक सरफेस लेयरला उंचीच्या आणि उताराच्या मर्यादा थेट अंशांत देता येतात.

सर्वांत खाली उघडा खडक, कारण तो सगळीकडे असतोच आणि बाकीचे थर त्याला झाकतात. ३० ते ३८ अंशांच्या उतारांवर, विशेषतः कड्यांच्या पायथ्याशी, सुटे दगड द्यावेत. गाळाच्या प्रतिमेत उजळ असलेल्या भागावर माती आणि बारीक खडी ठेवावी. गवताला ३० अंशांखालील उतार आणि पाण्याच्या मार्गाची जवळीक, असा दुहेरी निकष लावावा. बर्फ सौम्य उतारांवर जाड साचतो आणि सुमारे ५० ते ६० अंशांपलीकडे फारसा टिकत नाही. शिवाय उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर तो जास्त काळ राहतो, म्हणून बर्फाच्या मास्कमध्ये दिशेचाही विचार असावा. डोंगराभोवती सर्व बाजूंनी एकाच उंचीवर सुरू होणारी बर्फाची सरळ रेषा हे नवख्या कामाचे सर्वांत ठळक लक्षण आहे.

मास्कच्या कडांवर खरी कसोटी लागते. एकदम तुटणारी कड कात्रीने कापल्यासारखी दिसते, आणि फार पुसट केली तर दोन रंगांचा चिखल होतो. उपाय असा की मास्कमध्ये आधी नॉइज मिसळून कड वेडीवाकडी करावी आणि मग दोन थरांच्या स्वतःच्या उंचीवरून कोण वर येईल हे ठरवावे. माती आणि खडक जिथे भेटतात तिथे माती खाचांत भरते आणि खडकाची टोके तिच्यातून वर डोकावतात. ही एक गोष्ट साधली की साधे टेक्सचरसुद्धा (पृष्ठभागावर चढवलेले चित्र) खरे वाटू लागते. त्यासाठी दोन थरांच्या बारीक उंचीची तुलना करून जो उंच असेल तो दाखवावा, आणि संक्रमणाची रुंदी दोन-चार सेंटिमीटरइतकीच ठेवावी.

पायरी ६: जवळचा तपशील आणि दगड

४ किलोमीटर रुंद भूभागासाठी ४०९६ पिक्सेलचा हाइटमॅप घेतला तरी एका पिक्सेलला जवळपास १ मीटर जमीन येते. त्याहून लहान सर्व गोष्टी शेडरमधूनच, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणाऱ्या सूचनांमधूनच, आणाव्या लागतात. येथे बम्प आणि डिस्प्लेसमेंट यांतला फरक कळायला हवा. बम्प फक्त उजेड-सावलीतून उंचसखलपणाचा भास देतो, आकार जागचा हलत नाही. त्यामुळे डोंगराची बाह्यरेषा गुळगुळीतच राहते. डिस्प्लेसमेंट पृष्ठभाग खरोखर सरकवते, पण त्यासाठी मेश (पृष्ठभाग घडवणारी जाळी) खूप बारीक असावा लागतो. कॅमेऱ्याजवळ आणि आकाशाला भिडणाऱ्या कडांवर डिस्प्लेसमेंट वापरावे, मधल्या अंतरावर बम्प पुरतो.

कड्यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. वरून टाकलेले टेक्सचर ७५ अंशांच्या कड्यावर जवळपास चौपट ताणले जाते आणि उभे ओघळ दिसू लागतात. तिन्ही दिशांनी टेक्सचर टाकून मिसळणारी ट्रायप्लॅनर पद्धत यावर पक्का उपाय आहे. तसेच हाइटमॅपच्या एका बिंदूला एकच उंची असल्यामुळे बाहेर झुकलेला कडा किंवा गुहा त्यातून होऊ शकत नाही. खडकाला कपारी हव्या असतील तर नॉर्मलच्या दिशेने किंवा आडव्या दिशेने डिस्प्लेसमेंट द्यावे.

दगड विखुरताना लहान दगड अतिशय पुष्कळ, मध्यम त्याहून खूप कमी आणि मोठे मोजकेच ठेवावेत. सर्व मापांचे दगड सारख्या संख्येने टाकले की ते मांडून ठेवल्यासारखे दिसतात. कड्याच्या पायथ्याच्या उतारावर मोठे दगड जास्त दूर घरंगळतात, म्हणून ते उतारांच्या तळाशी अधिक असावेत आणि बारीक चुरा वरच्या भागात. प्रत्येक दगड पाव ते एक तृतीयांश जमिनीत रुतलेला असावा, आणि त्याच्या वरच्या अंगाला थोडी माती अडून बसलेली असली तर फारच छान. जमिनीवर नुसते टेकलेले दगड तरंगल्यासारखे वाटतात.

पायरी ७: रंग, उजळपणा आणि ओल

नवोदितांचे रंग बहुधा फार भडक छटांचे आणि फार उजळ असतात. पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो याचे अंदाज जवळ ठेवावेत: ताजा बर्फ ८० ते ९० टक्के, कोरडी वाळू ३० ते ४० टक्के, गवत २५ टक्क्यांच्या आसपास आणि ओली काळी माती अवघी ५ ते १० टक्के. बर्फ आणि माती यांतील हा फरक जपला की कॅमेऱ्याचे एक्स्पोजर बसवणे सोपे जाते. खडकासाठी तपकिरी-राखाडी छटा घ्यावी, आणि त्याच रंगात मोठ्या, मध्यम आणि लहान अशा तीन मापांचा हलका फरक नॉइजने द्यावा. एकाच मापाचा फरक दिला तर ठिपक्यांची नक्षी दिसते.

छायाचित्रावरून टेक्सचर बनवायचे असेल तर ते ढगाळ हवेत काढलेले असावे. उन्हात काढलेल्या छायाचित्रात सावल्या आधीच असतात आणि आपल्या दृश्यातला सूर्य दुसऱ्या दिशेला असला की त्या परस्परविरोधी दिसतात. पाण्याच्या मार्गाच्या मास्कने जमीन गडद करावी आणि तिथे रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) कमी करावा, कारण मातीच्या छिद्रांत पाणी भरले की ती कमी प्रकाश परत पाठवते आणि तिच्यावर चकाकी येते. हा बदल लहान असतो, पण त्यामुळे ओढ्याचे पात्र कोरडे असूनही ओळखू येते.

पायरी ८: ऊन आणि हवा

सूर्याचा कोनीय व्यास सुमारे ०.५३ अंश असतो. तो तेवढाच ठेवला तर जवळच्या दगडाची सावली धारदार येते आणि १०० मीटरवरून पडणाऱ्या सावलीची कड जवळपास १ मीटर पुसट होते. सूर्याला बिंदू मानले तर हा फरक नाहीसा होतो आणि सर्व सावल्या सारख्याच कठोर दिसतात. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे ठेवू नये. बाजूने येणारा प्रकाशच खाचखळगे दाखवतो.

हवेचा धूसरपणा सर्वांत शेवटी द्यावा आणि तो अंतरानुसार वाढत जाईल असा द्यावा. दूरच्या गडद भागांवर निळसर हलका पडदा येतो, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. दूरचा बर्फ मात्र उलट किंचित पिवळसर होतो, कारण त्याच्याकडून येणाऱ्या प्रकाशातला निळा भाग वाटेत कमी झालेला असतो. म्हणून सगळ्या अंतरावर निळा रंग फासण्याऐवजी साधनातले वातावरणाचे मॉडेल वापरावे. धूसरपणा वाढवल्यावर जवळची जमीन फिकी पडली असेल तर त्याची घनता पुन्हा कमी करावी, आणि मग पूर्ण आकारात एक रेंडर करून त्यातील जवळचा, मधला आणि दूरचा असे तीन तुकडे वेगवेगळे मोठे करून पाहावेत. ज्या तुकड्यात तपशील अपुरा किंवा गिचमिड वाटेल, त्या मापाच्या ऑक्टेव्हचा किंवा दगडांच्या थराचा आकडा बदलून तेवढाच भाग पुन्हा रेंडर करावा.